पंधरा घोड्यांची मोटर

"घेयाची तर पंधराची घेयाची. न्हाईतर घेयाचीच न्हाई!" असं म्हणून तानाजीनं पाण्याचा तांब्या इतक्या जोरात खाली ठेवला, की निम्मं पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं.

नागूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, ती बी डाव्या हातानं. उजवा खांदा दिवाळीपासून आखडलेला. हात डोक्याच्या वर जात नव्हता, मागं तर मुळीच नाही. डाव्या हाताच्या भाकरी तेलंगणाच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण तानाजी मुकाट्यानं खायचा. एवढा शहाणपणा त्याच्यात होता.

"पंधराची म्हंजे काय वं?" तिनं विचारलं.

"पंधरा घोड्याची ताकद. होडीच्या मागं लावली की भुर्र!"

"अगं माय! आपल्याकडं बैलजोडी एक, ती बी थकलेली. पंधरा घोडे बांधायचे कुठं?"

"तुला कळायचं न्हाई," तानाजी म्हणाला अन् मांडी पुसत उठला.

करजगीच्या खाल्ल्या अंगाला भीमेच्या काठावर ह्यांची वस्ती. नदीवर बंधारा झाला तसं पाणी वर्षभर तुंबून राहायला लागलं. पूर्वी उन्हाळ्यात माणसं पायी पलीकडं जायची, आता होडीशिवाय गत नव्हती. नागूबाईच्या बापानं लेकीला दिलेलं रान पलीकडच्या काठाला. दोन म्हशी तिकडंच गोठ्यात. पुलावरनं जायचं म्हटलं तर वळसा घालण्यातच दिवस जायचा. म्हणून नागूबाई रोज सकाळी आपल्या चिमुकल्या फायबरच्या होडीत बसायची, वल्हं मारत पलीकडं जायची, धारा काढायची, रानातलं चार काम बघायची अन् ऊन चढायच्या आत माघारी यायची. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. तानाजी तिकडं क्वचित जायचा. त्याला पाण्याचं भ्या वाटायचं, पण ते तो कबूल करत नव्हता. "मला इकडं कामं असतात," म्हणायचा.

खांदा आखडला तसं वल्हं सुटलं, कुणाच्या तरी होडीत बसून पलीकडं जावं लागायचं. डॉक्टरनं सांगितलं, "अक्का, वल्हं मारायचं न्हाई." आता होडीला मोटर लावायची, एवढ्यावर नवरा-बायकोचं जमलं होतं. पण कोणती लावायची, ह्याच्यावर वस्तीतला ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. ज्यांनी जन्मात नदीत पाय घातला नव्हता, ते तर जास्तच सांगत होते.

सगळ्यात मोठा सल्लागार म्हणजे महादेवप्पा. पलीकडं नागूबाईच्या बांधाला बांध त्याचा. त्याची लोखंडी होडी ऊस अन् कडबा वाहायची. तिला मोठी मोटर. ती सुरू झाली की काठावरचे बगळे उडून जायचे. माणूसही मोटरीसारखाच, दणकट अन् आवाजाचा.

त्या दिवशी संध्याकाळी महादेवप्पा ओट्यावर येऊन बसला. नागूबाई आत चहा करत होती. तिचा खांदा गेला होता, कान न्हाई.

"पंधराचीच घ्या री तानाजीअण्णा," महादेवप्पा म्हणत होता. "बारकी मोटर म्हंजे पोरखेळ. लोक हसतील."

"त्येच म्हणायलोय मी. पण हिचं म्हणणं, हिला झेपल अशी घ्या."

"अक्काला कामून झेपायला पायजे? अक्काचा खांदा काय आता ठीक व्हणार हाय व्हय? मोटर तुमी चालवा. अन् तुमाला टाईम न्हाई भेटला, तर..." महादेवप्पाचा आवाज खाली गेला. त्याचा आवाज खाली गेला म्हणजे बाकीच्यांच्या बोलण्याएवढा झाला. "...तर रान मला बटईनं लावा. म्हशी बी मीच बघतो. अक्काला आराम. घरात बसून खाऊ द्या की."

चहा उतू गेला. नागूबाईनं पातेलं खाली घेतलं अन् तशीच चुलीकडं बघत बसली. आता तिला समजलं. मोटर जड आली तर ती उचलायला बाप्या माणूस लागणार. बाप्याला टाईम नसणार. मग होडी काठाला, नागूबाई घरात अन् बापाचं रान महादेवप्पाच्या बांधात. घरात बसून खायाचं! ह्या कल्पनेनंच तिचा दुसरा खांदा बी दुखायला लागला.

दुसरी एखादी असती तर बाहेर येऊन भांडली असती. नागूबाई कप घेऊन बाहेर आली, पदर सारखा केला अन् गोड आवाजात म्हणाली, "अण्णा म्हणायलेत ते खरं हाय. पंधराचीच बघू."

तानाजीला चहाचा ठसका लागला. लग्नापासून आजवर बायको त्याच्या पहिल्या बोलण्यालाच हो म्हणाली, असं कधी घडलं नव्हतं.

"पण घेयाच्या आधी आपल्या होडीला लावून बघू," नागूबाई म्हणाली. "दुकानवाला आणतो म्हणलाय न्हवं? अन् अण्णा, तुमी बी या. तुमच्याशिवाय त्यातलं कुणाला काय कळतंय? जेवायलाच या. गव्हाची गोड हुग्गी करते."

हुग्गीचं नाव काढताच महादेवप्पा विरघळला. "बर्तीनी अक्का, नक्की येतो!"

दोघं पानाच्या टपरीकडं गेले तशी नागूबाईनं तानाजीचा फोन उचलला अन् कलबुर्गीच्या दुकानदाराला, रफीकभाईला, लावला. "भाऊ, पंधराची तर आणाच. पण तुमच्याकडं सगळ्यात धाकटी कोणची असंल, ती बी टेम्पोत टाका. अन् ह्यांना काय बोलू नका."

"हौ अम्मा," रफीकभाई हसला. "तुमची होडी केवढी हाय?"

"दोन माणसं अन् दुधाच्या किटल्या. तिसरा बसला तर मासे बघायला येतात."

"फिर पंधरा नक्को अम्मा. बैठ जाती होडी."

"ते मला नगा सांगू भाऊ," नागूबाई म्हणाली. "ज्यांना घेयाचीय त्यांना बघू द्या की."

शुक्रवारी टेम्पो आला. माघाचं ऊन चढलं होतं, काठाकाठानं ज्वारी हुरड्याला आलेली. पाणी थोडं उतरल्यामुळं होडीपर्यंतची वाट म्हणजे काळ्या मातीचा गाळ झाली होती, वरनं वाळलेली दिसायची अन् पाय ठेवला की घोट्यापर्यंत गिळायची. रफीकभाई टेम्पो खाली घ्यायला निघाला, पण नागूबाई आडवी झाली. "नगं भाऊ, फसंल. वरच राहू द्या. तसंबी मोटर रोज हितनंच न्यायचीय. काठावर सोडली तर चोर नेतील. मागच्या महिन्यात पाण्यातला पंप नेला की कुणीतरी."

"ते खरं हाय," तानाजी म्हणाला. आपण कशाला हो म्हणालो, ते त्याला नंतर कळलं.

आधी जेवण. नागूबाईनं हुग्गी अशी केली होती, की गूळ अन् तूप ताटातनं ओघळत होतं. महादेवप्पानं नको म्हटलं की वाढायची, होय म्हटलं की जास्त वाढायची. मदतीला शेजारची लिंगम्मा होती. तिला सगळं आधीच सांगून ठेवलेलं. ती दर वाढीला तोंडाला पदर लावून आत जायची. शेवटी दोघं बाप्ये भिंतीला टेकून, कंबर सैल करून बसले. डोळे मिटायला लागले तेवढ्यात नागूबाई म्हणाली, "चला, उचला आता."

पंधराची मोटर म्हणजे एखादं वासरू. काळंभोर, चकचकीत. तानाजीनं एका बाजूनं धरली, महादेवप्पानं दुसऱ्या बाजूनं.

"संगट उचला री... वन, टू..." महादेवप्पा म्हणाला.

तीन म्हणायच्या आत महादेवप्पानं उचलली. तानाजीनं तीन झाल्यावर उचलली. मोटर मधल्या मधे भेलकांडली. कशीबशी सावरून दोघं गाळात उतरले. चौथ्या-पाचव्या पावलाला तानाजीची चप्पल गाळात राहिली. ती काढायला वाकावं तर हातात मोटर. "राहू दे चप्पल!" तो ओरडला. पुढं महादेवप्पाचा बूट गेला. हुग्गी वर यायला लागली. काठापर्यंत पोचले तेव्हा दोघं चिखलानं असे माखले होते, की लिंगम्मा म्हणाली, "ह्यातला तुझा कोणता गं?"

रफीकभाईनं मोटर होडीच्या मागच्या फळीला बसवली. तशी होडीची पाठ खाली गेली अन् नाक वर. तो म्हणाला, "अण्णा, सोसणार न्हाई. फळीच पातळ हाय."

"आमाला बसून तर बघू द्या!" तानाजी म्हणाला. एवढं उचलून आणल्यावर माघार कशी घ्यायची? तो मागं मोटरीजवळ बसला. होडीचं नाक आणखी वर आलं. "अण्णा, तुमी बी या की. शिकवा मला."

महादेवप्पा चढला. चढला तो बी मागल्या बाजूनंच.

होडीनं नाक आभाळाकडं केलं अन् मागच्या बाजूनं भीमामाय आरामात आत आली. काही घाई न्हाई, गडबड न्हाई. दोघं बसल्या जागी कमरेपर्यंत पाण्यात. बरं झालं, होडी दोरीनं बाभळीला बांधलेली होती अन् पाणी गुडघ्याएवढंच होतं. तानाजीनं मात्र महादेवप्पाच्या गळ्याला मिठी मारली अन् "धरा! धरा!" म्हणून नदी डोक्यावर घेतली. रफीकभाई कपड्यासकट पाण्यात घुसला, "मोटर बचाव! मोटर बचाव!" करत. माणसांचं त्याला काय पडलं नव्हतं.

नागूबाई काठावर शांत उभी. "काय वं," तिनं विचारलं, "घोडे पाण्याला उतरले का?"

लिंगम्मा तिथंच गाळात खाली बसली अन् हसू लागली, ती थांबेचना.

होडी उपसून झाली. मोठी मोटर पुसून परत टेम्पोत गेली, ह्या वेळेला रफीकभाई अन् टेम्पोत त्याच्यासंगं आलेला माणूस, दोघांच्या खांद्यावर, कारण महादेवप्पाची कंबर धरली होती. मग नागूबाई टेम्पोजवळ गेली. गोणपाटाखाली धाकटी मोटर झाकून ठेवली होती. अडीच घोड्याची. पेट्रोलची टाकी तिच्या डोक्यातच. नागूबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, डाव्या हातानं मोटर उचलली अन् घागर घ्यावी तशी कमरेवर घेतली. वजन बी भरल्या घागरीएवढंच. अनवाणी पायानं, बोटं रोवत, गाळातनं सरळ होडीपर्यंत गेली. कुठं थांबली न्हाई.

फळीला लावली, दोन स्क्रू फिरवून आवळली. होडी जराशी हलली, एवढंच.

"दोरी ओढा अम्मा," रफीकभाई म्हणाला.

इथं मात्र गाडी अडली. दोरी उजव्या हातानं मागं ओढायची, अन् तिचा हात तर मागं जातच नव्हता. तिनं ओढली. खांद्यात वीज चमकली, डोळ्यात पाणी आलं. मोटर नुसती खोकली. पुन्हा ओढली, तरी तेच.

तानाजी काठावरनं बघत होता. त्याच्या धोतरातनं अजून पाणी गळत होतं, पण चेहरा खुलला. "बघ! तुला दोरीच ओढता येत न्हाई. मंग बारकी घेऊन बी काय उपेग? चालवायला मीच लागणार की न्हाई?"

"अक्का, हट्ट सोडा," महादेवप्पा कंबर चोळत म्हणाला. "बटईचं मी बोललोच हाय."

नागूबाईनं दोघांकडं बघितलं. मग होडीत वळून बसली, मोटरीकडं तोंड करून. रोज ती ताक घुसळायची. एका हाताची दोरी सैल, दुसऱ्याची घट्ट. खांदा गेल्यापासून एकट्या डाव्या हातानं घुसळायची अन् लोणी तेवढंच निघायचं. तिनं डाव्या हातात दोरी घेतली. आधी सावकाश घेतली, घट्ट लागेपर्यंत. मग पुढनं, छातीकडं, रवीला देतात तसा हिसका दिला.

मोटर थुंकली. दुसरा हिसका. थुंकली, पण जरा लांब. तिसऱ्याला फट् फट् फट् करत सुरू झाली.

"लिंगम्मा, बस!" नागूबाई ओरडली. लिंगम्मा हसत-हसतच चढली. दोघी निघाल्या. भुर्र काही न्हाई, आपली सायकलच्या चालीनं होडी पाणी कापत गेली. पलीकडं पोचून म्हशींना हाक मारली, वळली अन् माघारी आली.

"लई हळू जायलीय," तानाजी म्हणाला. काहीतरी बोलायला पाहिजेच होतं.

"मला कुणाशी शर्यत लावायचीय? म्हशीच्या धारा काढायला जायलेय मी." मग ती महादेवप्पाकडं वळली. "अण्णा, बटईचं राहू द्या. अन् तुमची मोठी होडी गाळात फसली तर हाक मारा, ओढून आणते."

महादेवप्पानं तिच्याकडं बघितलं, होडीकडं बघितलं अन् मोठ्यानं हसला. हसताना कंबर दुखली तरी हसला. "हुग्गी पुन्हा कधी करणार अक्का?" एवढंच त्यानं विचारलं.

धाकटी मोटर राहिली. आठवडाभरात तानाजी पानाच्या टपरीवर सांगायला लागला, "लोक म्हणले पंधराची घ्या. मी म्हणलो, न्हाई, होडी बघून मोटर घेयाची. हलकी. एका हातानं उचलणारी." ज्यांनी त्याला नदीत बसलेलं बघितलं होतं, ते बी मान हलवायचे. नागूबाईच्या कानावर आलं, तिनं किटल्या उचलल्या अन् होडीकडं गेली.

पलीकडच्या गावात मंगळवारी बाजार भरतो. त्या मंगळवारी लिंगम्मा पिशव्या घेऊन काठावर आली. म्हशीची धार सकाळीच झालेली. नागूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दोरीचा हिसका दिला अन् होडी सुटली.

तानाजी धावत काठावर आला. "अगं ए! कुठं जायलीस? माझ्या जेवणाचं काय? कधी येणारीस?"

नागूबाईला सगळं नीट ऐकू आलं. तिनं कानामागं हात धरला, तोंड वाकडं केलं अन् ओरडली, "काय म्हणलाव? मोटरीच्या आवाजात ऐकूच यायना!"

अन् डाव्या हातानं मोटरीची मूठ आणखी जराशी पिळली.