मासे मारायला जाताना-येताना

हॉलिस टिंडलचं आमिषाचं दुकान कालव्यावरच्या पुलाला लागून होतं. गांडुळं, रातकिडे, गळ, थंडगार सोडा आणि फुकटचा सल्ला, एवढा माल तिथे मिळायचा, आणि त्यात सल्ल्याचा खप सगळ्यांत जास्त. म्हाताऱ्याला मच्छीमारीचे कायदे तोंडपाठ होते. आमच्या फ्लोरिडात ज्याला हे कायदे पाठ आहेत तो अर्धा वकीलच समजला जातो. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे गाडी चालवायला मात्र त्याला बंदी होती.

त्याची एकुलती एक मुलगी मार्ला समोरच्या वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काम करायची. तिच्या घटस्फोटित नवऱ्याने, डीनने, वर्षापूर्वी तिचा जबडा फोडला होता. तुरुंगातून तो सुटला आणि पहिल्याच आठवड्यात पेट्रोलपंपावर चारचौघांत म्हणाला, "अर्धवट राहिलेलं काम पुरं करणार." कोर्टाने त्याला मार्लाच्या जवळपास फिरकायला मनाई केली होती आणि त्याचा कागद तिच्या पर्समध्ये असायचा. पण डीनला वाचनाची फारशी आवड नव्हती. एका सकाळी तिच्या गाडीच्या काचा फुटलेल्या, चारही टायर फाडलेले सापडले. तेव्हापासून घर ते काम ती पायीच जाऊ लागली.

हॉलिसने तिला आपलं पिस्तूल दिलं. आता ते न्यायचं कसं, हा प्रश्न आला.

"कपड्याखाली लपवून न्यायला परवाना लागतो," तो म्हणाला. "तुझा अर्ज तिकडे पडून आहे."

"मग उघडं लावते कमरेला."

"उघडं नेणं हा तर गुन्हाच."

"म्हणजे लपवलं तरी गुन्हा, दाखवलं तरी गुन्हा? परवाना येईपर्यंत मी काय करू, डॅडी? डीनला जरा दम धरायला सांगू?"

हॉलिसने कोपऱ्यातली बांबूची काठी काढून तिच्यापुढे धरली. कायद्यात एक फट होती आणि ती त्याला ठाऊक होती. मासे मारायला जाताना-येताना पिस्तूल उघडं नेलेलं चालतं. शिवाय साधी बांबूची काठी, तिला दोरी गुंडाळायची चक्री नाही, आणि कालवा आपल्याच जिल्ह्यातला, म्हणजे मच्छीमारीचा परवानाही लागत नाही.

"मला मासे आवडत नाहीत," मार्ला म्हणाली.

"माशांना तरी तू कुठे आवडतेस? काठी धर."

पण नुसतं नाटक नको, खरंच गळ टाकायचा, असा त्याचा हट्ट होता. कायद्याशी खोटं बोलायचं नाही, हे त्याने तिला लहानपणापासून शिकवलं होतं. त्यामुळे ती सकाळी पुलावर थोडा वेळ बसायची, मग पिस्तूल आणि काठी बापाकडे ठेवून कामावर जायची. संध्याकाळी पुन्हा गळ टाकून बसायची आणि मग घरी. वृद्धाश्रमातल्या बायका खिडकीतून हसायच्या. एकदा चुकून तळहाताएवढा मासा लागला, तेव्हा ती स्वतःही हसली, वाकड्या जुळलेल्या जबड्याने, आणि हॉलिसला आत जाऊन उगाचच रातकिड्यांची खोकी आवरावी लागली. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

जिल्ह्याचे पोलीस शेरिफच्या हाताखाली. त्याचा डेप्युटी ब्रॅनन दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "काठी आहे ना हातात? मग झालं, मिस्टर हॉलिस." आठवड्याभराने शहराच्या पोलिसाने तिला हटकलं आणि मच्छीमारीचा परवाना मागितला. हॉलिसने दुकानातून ओरडून त्याला कलम ऐकवलं, तेव्हा तो खांदे उडवून निघून गेला. दोन खाती, दोन कायदे. मार्ला म्हणाली, "रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालू तेवढं सांग."

मग ती वादळाची संध्याकाळ आली. आभाळ काळं झालं, विजा चमकू लागल्या. हॉलिसनेच तिला सांगितलं, "आज बसू नकोस. सरळ घरी जा." ती पिस्तूल लावून, काठी घेऊन निघाली. वळणावर नव्याने भरती झालेल्या एका डेप्युटीने गाडी थांबवली.

"मॅडम, हात दिसतील असे ठेवा. पिस्तूल कशाला?"

"मासेमारीहून परत चाललेय."

"मासे कुठेत?"

"लागले नाहीत."

"दोरी कोरडी दिसतेय. आज गळ टाकलात का?"

तिला हो म्हणता आलं असतं. पण पोरगी बापावर गेली होती. "सकाळी टाकला होता," ती म्हणाली. "आत्ता नाही. विजा होत्या."

"म्हणजे आत्ता तुम्ही मासेमारीहून येत नाही आहात."

त्याने तारखेला हजर राहण्याची नोटीस हातात ठेवली, पुरावा म्हणून पिस्तूल जप्त केलं आणि पाऊस सुरू झालाय, जपून जा, असंही सांगितलं. मुलगा वाईट नव्हता. त्याला जसं शिकवलं तसं त्याने केलं.

खटला उभा राहिला म्हणून परवान्याचा अर्जही थांबला. निकाल लागेपर्यंत दुसऱ्या हत्याराला हात लावू नका, असं वकिलाने बजावलं. ब्रॅनन दुकानात आला तेव्हा हॉलिस त्याच्यावर उखडला.

"तूच म्हणाला होतास ना, काठी आहे मग झालं?"

"मी तसंच समजत होतो. त्याला प्रशिक्षणात वेगळं सांगितलं. वरून आलेलं पत्रक तिसरंच काहीतरी म्हणतं."

"तुमच्याकडे कायदा माहीत असलेला एक तरी माणूस आहे का रे?"

ब्रॅनन सोड्याची बाटली फिरवत राहिला. "सगळे तर तुम्हालाच विचारायला येतात, मिस्टर हॉलिस."

त्यानंतर हॉलिस रोज तिच्याबरोबर चालत जाऊ लागला. धूसर डोळ्यांचा म्हातारा, हातात काही नाही. डीन आला तर आपण काय करणार, हे त्याला चांगलंच माहीत होतं. काही करू शकणार नव्हता. तरी जायचा. एका संध्याकाळी नेमकी मालाची गाडी आली आणि ड्रायव्हर मोजणी करून घ्या म्हणून अडून बसला. मार्ला म्हणाली, "मी हळूहळू पुढे होते, डॅडी. तू गाठ मला."

त्याने तिला गाठलं नाही. वळणाच्या पुढे, झाडीत, डीनने तिला लोखंडी पहारीने मारलं. ब्रॅननने दुकानात येऊन सांगितलं. डीनला त्याच रात्री पकडलं. त्यात अडचण काहीच आली नाही, खून हा गुन्हा आहे यावर सगळ्या खात्यांचं एकमत होतं.

पिस्तूल कमरेला असतं तर ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित नेम चुकला असता. कदाचित डीननेच ते हिसकावून घेतलं असतं. हॉलिस हे सगळं मनात उलटसुलट करून बघायचा, आणि दर वेळी त्या वादळाच्या संध्याकाळपाशी येऊन थांबायचा. गळ टाकून बस म्हटलं असतं तर ती बसली असती. दोरी ओली झाली असती. त्याने दुकान उघडणं सोडलं.

महिनाभराने तो बंद दुकानात बसला असताना शेरिफच्या कचेरीतून फोन आला. जप्त वस्तू घेऊन जायला या. ब्रॅननने त्याला गाडीतून नेलं आणि तो बाहेरच थांबला, आत यायचं त्याच्याने होईना. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने संगणकात नाव शोधलं.

"मार्ला टिंडल. तुम्ही कोण?"

"तिचा बाप."

"असं द्यायला येत नाही हो. ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः यायला पाहिजे. ओळखपत्र घेऊन."

"ती येऊ शकत नाही."

"कामावर असतात का? शनिवारी दुपारपर्यंत आम्ही उघडे असतो." मुलीने पुढे वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "अहो, खटला तर मागे घेतलाय. सरकारी वकिलांनी लिहिलंय, सकाळी गळ टाकला होता तेवढं पुरे. काठीलाही परवाना लागत नव्हता. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं."

हॉलिस खिडकीची कड धरून उभा होता. याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याच नावाची दुसरी फाइल होती. तिच्यातले फोटो त्याने ओळख पटवण्यासाठी पाहिले होते.

"तुम्ही त्यांना सांगा ना," मुलगी म्हणाली. "उगाच काळजीत असतील बिचाऱ्या."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मुलगी चांगल्या मनाची होती. हॉलिसने खिडकीची कड सोडली.

"सांगतो," हॉलिस म्हणाला.