स्त्रातिसची मिशी

कॉफीच्या दुकानात स्त्रातिस शिरला की आधी मिशी आत यायची, मग पोट आणि सर्वांत शेवटी स्त्रातिस.

ईस्टरच्या लाल अंड्यांच्या लढतीत नऊ वर्षं त्याला कुणी हरवलं नव्हतं. "ख्रिस्त उठला!" म्हणत एकाने टोकावर टोक आपटायचं, दुसऱ्याने "खरंच उठला!" म्हणायचं, ज्याचं अंडं शाबूत, त्याचं वर्ष भाग्याचं. स्त्रातिस अंडं आधी दातावर वाजवून बघे. बद्द वाजलं तर खायला, टणक वाजलं तर लढाईला.

यंदा दुकानात त्याची जीभ सैल सुटली. "मला हरवेल त्याच्यासमोर ही मिशी चौकात उतरवीन!"

घरी त्याची बायको पेरिस्तेरा अंडी रंगवत होती. "घास मोठा घ्यावा, शब्द मोठा काढू नये," ती म्हणाली. "मिशी गेली तर गावात तोंड कसं दाखवशील?"

"ती जातेय कशाला?"

रविवारी अंगणात निखाऱ्यांवर कोकरू फिरत होतं. पाद्रीबाबा हरले, मेव्हणा पान्देलिस हरला. तेवढ्यात सहा वर्षांची नात आन्थी मुसमुसत आली. "माझं फुटलं. मला पण तुझ्याशी लढायचंय, आजोबा!"

स्वयंपाकघरात पन्नास अंडी होती. पण जिंकणाऱ्याचं मन मोठं होतं. स्त्रातिसने स्वतःची टोपली पुढे केली. त्यात निवडलेली तीनच अंडी उरली होती. "हवं ते घे!"

"दाजी, आपल्या हाताने शत्रूला तलवार देताय," कोकरू फिरवत पान्देलिस म्हणाला.

"शत्रू केवढा ते बघ की!"

पण ईस्टरआधीच्या उपासाचे सगळे दिवस हीच शत्रू त्याच्या मांडीवर बसून गुपित शिकली होती. आन्थीने पहिलं अंडं दातावर वाजवलं. दुसरं वाजवलं. तिसऱ्याला तिचा हलणारा दातच तळहातावर पडला.

"हे!" ती रक्ताळलेल्या तोंडाने हसली.

स्त्रातिसच्या नऊ वर्षं मुरलेल्या कानाने ओळखलं, तिन्हींतला वाघ तेच. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? उलट उरलेल्या दोनांतलं एक उचलून तो म्हणाला, "वार तू कर."

टक्.

त्याचं अंडं तडकलं. निखाऱ्यावर चरबी तेवढी चुरचुरत होती.

"आन्थी लिंबूटिंबू आहे, दाजी," पान्देलिस घाईने म्हणाला. "तिचं धरत नाहीत."

"नाहीच धरत," पाद्रीबाबा म्हणाले.

"मी कुठे धरतेय?" पेरिस्तेराही म्हणाली.

स्त्रातिसने नातीकडे पाहिलं. ती ते अंडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नाचत होती. मिशी वाचवायची तर तिचं जिंकणं खोटं ठरवायला हवं होतं.

"धरतात," तो म्हणाला. "वस्तरा आणा."

चौकात खुर्ची मांडली. मिशी उतरली तशी आन्थी भोकाड पसरून रडली आणि गाव हसून लोळलं. वरचा ओठ सोललेल्या अंड्यासारखा पांढराफटक निघाला. पेरिस्तेरा जवळ आली, बराच वेळ बघत राहिली.

"अगं बाई! हा तर तोच. ह्याच्याशीच लग्न केलं होतं मी. तीस वर्षं कुठे होतास रे?"

स्त्रातिस कानापर्यंत लाल झाला. लपायला आता मिशीही नव्हती.

घरी येऊन आन्थीने दात कौलांवर भिरकावला. "कावळ्या, कावळ्या, हाडाचा घे, लोखंडाचा दे!" मग तिने रुमालाची पुरचुंडी पुढे केली. "आजोबा, मिशी पण फेकू? लोखंडाची येईल."

"फेक. पुढच्या ईस्टरच्या आत आण म्हणावं."

"सावकाश आण हो, कावळ्या," मागून पेरिस्तेरा म्हणाली. "काही घाई नाही."