बंद घराचा पत्ता

प्रेरणाच्या व्हिसाच्या फाइलीत सगळं लागलं होतं, छातीच्या फोटोचा दाखला तेवढा राहिला होता. इंग्लंडला वर्षभर शिकायला जायचं, तर अंगात टीबी नाही असं तिथल्या सरकारनं नेमून दिलेल्या दवाखान्यातून लिहून आणावं लागतं. तसला दवाखाना संभाजीनगरात नव्हता, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाप-लेक पुण्याला निघाले. औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर बसून पोरांचे अर्ज भरून देणारा राजकुमार आदल्या दिवशी म्हणाला होता, "काका, ये तो फॉर्मॅलिटी है. श्वास धरायचा, फोटो काढायचा, घरी यायचं."

बद्रीनाथनं मान डोलावली होती. पण एसटीत बसल्यापासून त्याचं बोलणं आटलं. दौलताबादकडच्या सप्त्यात रात्र रात्र उभा राहून न थकणारा माणूस, पण आज त्याला खिडकीची जागाही नको होती.

हा बद्रीनाथ म्हणजे वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा साधा माणूस. पडेगावात दोन खोल्यांचं घर, बायको आशाबाई, आणि ही एकुलती एक प्रेरणा, अन्न तंत्रज्ञान शिकलेली. पण कंपनीच्या फाटकाबाहेर त्याला बद्रीनाथ कुणी म्हणत नसे. तिथं तो बद्रीबुवा होता. कीर्तनात महाराजांच्या मागं उभा राहणारा, चाल उचलणारा. ज्यांनी मन लावून कीर्तन ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे, की महाराज निरूपण चढवत चढवत नेतात, शब्द संपतात, सगळा मांडव श्वास रोखून बसतो, आणि त्या क्षणी मागून एक आवाज उठावा लागतो. तो उठला नाही तर चढवलेलं सगळं खाली येतं. गंगापूर तालुक्यात वीस वर्षं तो आवाज बद्रीबुवांचा होता. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत, आणि शेजारी मृदंगावर असलेला सांडू थापेवर थाप वाढवत हसत असे. दोघांत एक माईक, दोघांत एक लोटा.

अडीच वर्षांमागं बद्रीनाथला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं, पॅन्ट कमरेला ढिली झाली. घरी काही न सांगता तो गावाकडच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला देऊन आला. टीबी निघाला. आणि हे ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं मरण आलं नाही, महाराजांच्या मागची ती रांग आली. कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, ऊरभेट घेतात. एका गायकाला हा आजार झाला, तेव्हा त्याला मांडवाच्या कडेला वेगळा पेला घेऊन बसलेलं त्यानं पाहिलं होतं. कुणी त्याला जा म्हणालं नव्हतं. पण जवळ या असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तो आला नाही.

दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, घरात कोण कोण आहे? घरच्यांनाही तपासावं लागंल. बद्रीनाथ म्हणाला, कुणी नाय, एकटाच राहतो. आधार कार्डावर गावातल्या घराचा पत्ता होता, तोच दिला. त्या घराला सात वर्षं कुलूप होतं. दवाखान्याची बाई दोनदा कुलूप बघून परत गेली, असं त्याला नंतर कळलं, आणि तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दर महिन्याला गावाकडून आणलेल्या गोळ्या तो टाळांच्या पिशवीत ठेवायचा. गोळ्यांनी अन्नावरची वासना गेली, लघवी लाल झाली, पोटात ढवळायचं. तरी चार महिने घेतल्या. मग खोकला थांबला, अंग भरलं आणि सप्त्यांचे दिवस आले. गोळी घेऊन उभं राहिलं की वरच्या पट्टीत गळा साथ देईना. त्यानं गोळ्या सोडल्या. नामानंच बरं केलं, असं त्यानं मनाशी धरलं. देवानं त्याला बरं वाटू दिलं होतं. बरा झालास असं देव म्हणाला नव्हता, पण ते ऐकायला बद्रीनाथ थांबलाच कुठं!

पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी प्रेरणाला विचारलं, तुला पूर्वी कधी झाला होता का? घरात कुणाला? प्रेरणा नाही म्हणाली आणि सहज बापाकडं पाहिलं.

"नाय," बद्रीनाथ म्हणाला. "आमच्या घरात कुणाला नाय."

फोटोत उजवीकडं वरच्या बाजूला पांढरट डाग होता. मग तीन दिवस सकाळी उपाशीपोटी बेडका द्यावा लागला. तीन दिवस दोघं आशाबाईच्या भावाच्या खोलीवर राहिले. बेडक्यातले जंतू वाढतात का हे बघायला आठ आठवडे लागतात, तोवर दाखला नाही आणि दाखल्याशिवाय व्हिसाचा अर्जही नाही.

परतल्यावर राजकुमारनं कॅलेंडर काढलं. सव्वीस सप्टेंबरच्या आत कॉलेजात हजर व्हायचं होतं. तिला फीमध्ये जी मोठी सूट मिळाली होती ती ह्याच वर्षापुरती होती. रिपोर्ट साफ आला आणि जादा पैसे भरून व्हिसा लवकर काढला, तर काठावर का होईना, जमणार होतं. मग त्यानं बद्रीनाथला जिन्यात गाठून हळूच विचारलं, घरात हिस्ट्री नाही असंच सांगितलं ना? बस, तेच धरून ठेवा. जुन्या न्यूमोनियाचा डाग म्हणून सोडूनही देतात. बद्रीनाथला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. जे सांगायचं धाडस होत नव्हतं, ते सांगूच नका असं कुणीतरी जाणकारच म्हणत होता.

ते आठ आठवडे श्रावण-भाद्रपदाचे. आशाबाईनं सोळा सोमवार धरले. प्रेरणानं जाड स्वेटर आणला, मसाल्याच्या पुड्या करून त्यांवर नावं लिहिली आणि खोकला आला की तोंडावर ओढणी धरून मागच्या खोलीत जाऊ लागली. बद्रीनाथ तो खोकला मोजत नव्हता, पण त्याला तो ओळखू येत होता. आधी कोरडा, मग सकाळी ओला. तोच रस्ता, त्याच खुणा.

एका कीर्तनात सुदर्शन महाराजांनी निरूपण टिपेला नेलं आणि मागं हात केला. बद्रीनाथनं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. सांडूनं एक आवर्तन मृदंगावर भरून काढलं, दुसरं काढलं, मग कडेच्या एका पोरसवदा गायकानं चाल धरली. कीर्तन झाल्यावर सांडू लोटा पुढं करत म्हणाला, "बुवा, लेकीला विमानात बसवायच्या आधीच गळा भरून आला व्हय? पाणी प्या." बद्रीनाथ प्यायला, आणि लोटा सांडूनं तसाच तोंडाला लावला.

सतरा सप्टेंबरला रिपोर्ट आला. जंतू वाढले होते.

प्रेरणा रडली नाही. तिनं कॉलेजला दोन ओळींचा मेल लिहिला, निळ्या फाइलीतून प्रवेशाचं पत्र काढून कपाटात कपड्यांखाली सारलं आणि फाइलीत छातीचा फोटो ठेवला. फोटो मोठा होता, फाइलीबाहेर राहत होता. तिनं तो दुमडला नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या सरकारी दवाखान्यात बाप-लेक तरुण डॉक्टरसमोर बसले. डॉक्टर कार्ड लिहिता लिहिता सांगत होता, घाबरायचं कारण नाही, सहा महिन्यांत बरी होशील, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मग त्यानंही तोच प्रश्न विचारला, पण का विचारतो तेही सांगितलं. घरात कुणाला होऊन गेला असेल आणि त्यानं गोळ्या अर्ध्यात सोडल्या असतील, तर त्याच्याकडून आलेला जंतू ह्या गोळ्यांना पुष्कळदा दाद देत नाही. मग ही सहा महिने गोळ्या गिळत राहील आणि आत जंतू फुप्फुस खात जाईल.

"आमच्यात कुणालाच नव्हता सर," प्रेरणा म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवून गोळ्यांची नावं लिहायला घेतली. बद्रीनाथ त्याच्या पेनाकडं बघत होता. पहिलं नाव लिहून झालं. ते नाव त्याला पाठ होतं. दुसरंही होतं.

"मला व्हता," तो म्हणाला.

प्रेरणाला वाटलं, बापाला नीट ऐकू आलं नाही. "आण्णा, ते टीबीचं विचारतायत."

"व्हय. टीबीचंच सांगतोय."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. कधी झाला, कुठं दाखवलं, गोळ्या किती महिने घेतल्या, हे त्यानं एकामागून एक विचारलं. बद्रीनाथनं सगळं सांगितलं. बंद घराचा पत्ता दिला तेही सांगितलं.

"चार महिने. आणि मग?"

"मग सप्ते सुरू झाले."

डॉक्टर त्याच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं लिहिलेला कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि दोघांच्याही थुंकीच्या नव्या तपासण्या लिहून दिल्या.

बाहेर बाकावर प्रेरणा एक जागा सोडून बसली. समोरून स्ट्रेचर गेलं, आलं.

"पुण्यात विचारलं होतं त्यांनी," ती शेवटी म्हणाली.

"तवा वाटलं माय, व्हिसा अडकंल."

"त्या हिवाळ्यात मी तुमच्या शेजारी बसून अभ्यास करायचे. रोज. तुम्ही म्हणायचे, प्रेरू, खिडकी लाव, गळ्याला हवा लागती." तिचा आवाज चढला नव्हता. "मी लावायचे, आण्णा."

बद्रीनाथनं हात पुढं केला, तो मधल्या रिकाम्या जागेवर राहिला. वीस वर्षं त्यानं हजारो माणसांसमोर दया आळवली होती. आता एका माणसापुढं ती मागायची होती, आणि त्याच्याजवळ शब्द नव्हता, चाल नव्हती.

आठवड्यानं कळलं, नेहमीच्या गोळ्या प्रेरणाला लागू नव्हत्या. दुसऱ्या घ्याव्या लागणार होत्या, जड आणि जास्त दिवसांच्या. कानात आवाज येतील, पायाला मुंग्या येतील, जेवण जाणार नाही, असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षीच्या अर्जाविषयी डॉक्टर ह्या वेळी काही बोलला नाही. बद्रीनाथच्याही थुंकीत तोच जंतू निघाला. तो बरा झालाच नव्हता.

आशाबाईनं हे सगळं भाकरी थापता थापता ऐकलं. हात थांबले. "दर महिन्याला गावाकडं शेताचं बघाया जातो म्हणायचे तुम्ही," ती म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली. त्या दिवशी तिनं नवऱ्याचं ताट वाढलं, नेहमीच्याच जागी ठेवलं, आणि आपण उठून लेकीजवळ जाऊन बसली. डॉक्टरनं ताट वेगळं करायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं. तिनं वेगळं केलं नाही.

मग सुकेशनीताई आल्या. टीबीच्या कामावरच्या बाई, खांद्याला पिशवी, तोंडाला मास्क, हातात जाड रजिस्टर. पडेगावातलं दार ह्या वेळी उघडं होतं. सतरंजीवर बसून त्यांनी पान उलगडलं आणि विचारलं, घरात माणसं किती?

बद्रीनाथ तोंड उघडणार तोच प्रेरणा म्हणाली, "तिघं. ह्या वेळी तिघं लिहा."

सुकेशनीताईंनी तिघांची नावं लिहिली, वयं लिहिली, आशाबाईला तपासणीची तारीख दिली. मग बद्रीनाथकडं वळून म्हणाल्या, "घराबाहेरचं सांगा काका. ज्याच्याजवळ तास-दोन तास बसता, उठता, खाता-पिता, असं कोण हाय?"

बद्रीनाथनं दाराकडं पाहिलं. बाहेर दोरीवर मास्क वाळत होते, मायलेकींचे आणि त्याचा. ही नावं सांगितली की त्या मांडवाचं दार बंद. पुन्हा कधी महाराज मागं हात करणार नाहीत, ऊरभेटीला कुणी पुढं येणार नाही. अडीच वर्षं ज्यासाठी त्यानं लेकीचं फुप्फुस गहाण टाकलं, ते त्याला आता आपल्या तोंडानं देऊन टाकायचं होतं.

"सांगा ना," प्रेरणा गोळ्यांची पाकिटं लावत म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "सगळी नावं पाठ आहेत तुम्हाला."

"आधी त्याला सांगतो," बद्रीनाथ म्हणाला. "मग लिहा." त्यानं सांडूला फोन लावला.

सांडू खुशीत होता. येत्या एकादशीचं ठरलं, गाडी कुठून निघणार, कोण कोण येणार, हे भडाभडा सांगायला लागला. बद्रीनाथनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "सांडू, मी येणार नाय. मला टीबी हाय. अडीच वर्षांपासून हाय. तुझ्यापासून लपवला. तू उद्या थुंकी तपासाया जा."

फोन कटला असं वाटून बद्रीनाथनं तो कानापासून दूर करून पाहिला. कटला नव्हता. मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी खोकलं.

"बुवा," सांडू म्हणाला. हाक तीच होती, पण आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "सुगंधा खोकतीय चार महिन्यांपासून. धाकटी सून बी. मी म्हणलं, हवा बदलली असंल."

फोन कानाला तसाच धरून बद्रीनाथ खाली सतरंजीवर टेकला.

"लिहा ताई," तो म्हणाला. "सांडू. त्याची बायको सुगंधाबाई. त्याची सून."

"सुनेचं नाव?"

बद्रीनाथनं फोनमध्ये सुनेचं नाव विचारलं.