नोंदीप्रमाणे चालू

आमच्या गल्लीतल्या पालिकेच्या दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा दारावर एक कागद चिकटवलेला होता: 'तात्पुरते बंद'. तात्पुरतं म्हणजे किती, हे लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती. आईच्या पायाला मधुमेहाची जखम. दर सोमवारी सिस्टर ती धुऊन पट्टी बदलायची, आणि आई काठी टेकत एकटी जाऊन यायची. मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर दोन बस बदलायच्या, माझं शिवणकाम दिवसभर बंद, आणि आईचे हाल ते वेगळेच. मग सोमवार चुकायला लागले. घरीच मी जमेल तशी पट्टी बांधत होते.

पालिकेत खेटे घालून चपला झिजल्या. आरोग्य विभाग म्हणे बांधकामाला विचारा, बांधकाम म्हणे आरोग्याला. शेवटी माझ्या गिऱ्हाईक असलेल्या एका बाईंनी सांगितलं, "अगं, माहिती मागणं हा तुझा कायद्यानं हक्क आहे. लेखी अर्ज टाक. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं त्यांना."

मी लिहिलं, 'दवाखाना का बंद आहे?' एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'का' या स्वरूपाचा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

डोक्यात तिडीक गेली. मशीनवरचा ब्लाउज तसाच टाकून कचेरी गाठली.

"ताई, इथं 'का' विचारायचं नसतं," माहिती अर्जांचा कारकून लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला. "कायद्यानं कागद मिळतो. कारण नाही मिळत."

"मग कारण कुठं मिळतं?"

"ते माझ्या टेबलावर नाही. तुम्ही असं करा, 'का' काढा आणि 'प्रत द्यावी' घाला. काम होईल."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. घरी येऊन अर्ज उसवला आणि नव्यानं शिवला: 'दवाखाना बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी.'

ते तीस दिवस सरेपर्यंत आईच्या पायाचा अंगठा काळा पडला. मोठ्या रुग्णालयात तो काढून टाकावा लागला. डॉक्टर माझ्यावर खेकसले, "इतके दिवस काय करत होतात?" अर्ज करत होते, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

आईला घरी आणलं त्याच आठवड्यात उत्तर आलं: 'असा कोणताही आदेश अभिलेखात नाही. नोंदीप्रमाणे दवाखाना चालू आहे.'

मी कागद हातात घेऊन कुलपासमोर उभी राहिले. कुलूप गंजलं होतं, पायरीवर पाचोळा साचला होता. हसावं की दगड घालून कुलूप फोडावं, कळेना.

चालू आहे ना? मग तिसरा अर्ज. 'गेल्या सहा महिन्यांच्या पट्टीच्या रजिस्टरमधल्या माझ्या नावाच्या नोंदींची प्रत द्यावी.' अर्जावर नाव आईचं, सहीच्या जागी हाताचा अंगठा आईचा. या वेळी अर्ज वाचून कारकुनाचा चेहरा पडला.

"ताई, हे कशाला उकरून काढताय?"

"'का' विचारायचं नसतं ना इथं?" मी म्हटलं. त्यानं शिक्का मारला.

प्रती आल्या तेव्हा मी आईची पट्टी बदलत होते. पाकीट तिनंच फोडलं आणि कागद माझ्यापुढे धरले. "वाच की मोठ्यानं."

दर सोमवारी आईचं नाव होतं. एकही सोमवार चुकलेला नव्हता. जखम धुतली, पट्टी बदलली, सुधारणा आहे. शेवटच्या ओळीपाशी मी अडखळले. तारीख पाहिली. ज्या सोमवारी तिचा अंगठा काढला, तोच सोमवार.

"थांबलीस का? वाच."

"जखम पूर्ण बरी. उपचार बंद."

आई माझ्या हातातल्या आपल्या पावलाकडे बघत राहिली. मला त्या रजिस्टरच्या चिंध्या कराव्याशा वाटत होत्या, पण हात तिच्या पायात गुंतलेले होते.

"मग," ती म्हणाली, "ही पट्टी तू कुणाच्या पायाला बांधतेयस?"