सायलेन्सरचं भोक

नवी पिकअप घेतली तर काचवाल्यांच्या पदरात काय काय पडणार, याची यादी त्यांच्या लेकीनं वहीच्या पानावर काढून दुकानाच्या भिंतीला चिकटवली होती. डिझेल कमी लागणार. महिन्याआड मेकॅनिकच्या दारात ताटकळणं थांबणार. खड्ड्यात तडकणाऱ्या काचा वाचणार, कारण जुनीच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला जीव कधीच गेला होता. शिवाय थंड हवा आणि बटणावर वरखाली होणाऱ्या खिडक्या. अशी नऊ कलमं झाली होती. जुनी ठेवली तर काय मिळणार, त्या बाजूला लेकीनं नुसती आडवी रेघ मारली होती.

काचवाल्यांच्या मनातल्या हिशेबात त्या रेघेच्या जागी एकच कलम होतं, पण ते पलीकडच्या नऊ कलमांना भारी होतं. जुनी पिकअप कानठळ्या बसतील असा आवाज करायची.

तिच्या सायलेन्सरला अंगठा जाईल एवढं भोक होतं. दोन्ही दारं खुळखुळायची. आत बसलेला माणूस कितीही गोड बोलणारा असो, तो ओरडूनच बोलायचा, आणि ओरडून बोललेलं काचवाल्यांना ऐकू यायचं. त्यांचा खिडकीकडचा कान तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि आतल्या बाजूचा त्याच्या मागोमाग निघाला होता. ही गोष्ट जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं ते धरून चालले होते.

लपवायला कारण होतं. काचेचा धंदा हातापेक्षा कानाचा. काचेवर हिऱ्याची कलम ओढली की बारीक सळसळ उठते. ती सलग आली तर रेघ पक्की, मध्येच तुटली तर काच भलतीकडे फुटणार. बत्तीस वर्षं काचवाले ती सळसळ ऐकून काच मोडत आले होते. गेलं वर्षभर मात्र रेघेवरून अंगठा फिरवून, अंदाजपंचे. लेकीला हे कळलं तर ती आधी कलम काढून घेईल, मग गाडीची किल्ली, आणि सगळं मायेनं काढून घेऊन शेवटी दाराशी एक खुर्ची देईल. त्यांच्या गल्लीत असे खुर्ची मिळालेले तीन म्हातारे होते. गिऱ्हाइकं त्यांनाच विचारायची, "मालक कुठे गेलेत?"

म्हणून सायलेन्सरचं भोक काचवाल्यांनी जिवापाड जपलं होतं.

"शेठ, अर्ध्या तासाचं काम आहे," मेकॅनिक दर खेपेला म्हणायचा. "तुमची गाडी कोपऱ्यावर आली की माझा कुत्रा बाकाखाली शिरतो."

"होईल त्याला सवय."

"कुत्र्याला होईल हो, मला कशी होणार?"

मग मेकॅनिकनं गल्लीभर सांगून टाकलं की काचवाला एक नंबरचा चिक्कू आहे. काचवाल्यांनी ते नाव बिनतक्रार खिशात घातलं. बहिऱ्यापेक्षा चिक्कू स्वस्त पडतं.

त्या आठवड्यात जेवताना लेकीनं विषय पुन्हा काढला. तीही आता आवाज चढवूनच बोलायची. गाडीतली सवय घरात आली होती.

"बाबा, आपली गाडी रस्त्यानं निघाली की लोक खिडकीत येतात. त्यांना वाटतं आत तिघं भांडतायत."

"मग काय, खोटं वाटतं त्यांना?" आई म्हणाली.

"आई, तू तर बोलूच नकोस. घसा बघ तुझा. रोज संध्याकाळी गुळण्या. त्या खटाऱ्यानं बसवलाय तो."

"माझा घसा माहेरून असाच आलाय. आणि गाडी जुनीच बरी. पायरी खाली आहे, गुडघ्याला झेपते. नवीवर चढायला मला शिडी लावशील का?"

काचवाल्यांचा घास हातातच राहिला. घरात नवं काही आणायचं म्हटलं की ही बाई एका पायावर तयार. जुनं पायपुसणं विरायच्या आत नवं आणून ठेवणारी. ती आज चक्क जुन्या गाडीची वकिली करत होती. का, हे काही त्यांनी विचारलं नाही. फुकटात मिळालेल्या साक्षीदाराची उलटतपासणी कोण करतं?

पण तिचं अलीकडे असंच काहीतरी चालायचं. मापं घ्यायची त्यांची पद्धत पहिल्यापासून ठरलेली: बायकोनं फीत धरून आकडा म्हणायचा, काचवाल्यांनी तो लिहून घ्यायचा. पूर्वी ती खणखणीत 'एकोणसत्तर' म्हणायची. आता शाळकरी पोरीसारखं सुटं सुटं, 'सहा, नऊ'. एकोणऐंशी असेल तर 'सात, नऊ'. वर बोटंही नाचवायची.

"पाढे विसरलीस वाटतं," काचवाले गिऱ्हाइकासमोर चिडवायचे. "शाळेत काय नुसती डबा खायला जायचीस?"

"हो ना. डबा फार छान असायचा," ती म्हणायची आणि फीत गुंडाळायची.

लेक हट्टाची होती. तिनं गाडीविक्याशी बोलून नवी पिकअप एका सकाळपुरती मागून आणली. त्याच दिवशी एका सलूनचा आरसा पोचवायचा होता, सात फुटी. काच उभी ठेवायची लाकडी घोडी जुनीवरून उतरवून नवीवर चढवली. पट्टे काचवाल्यांनी स्वतः आवळले. नव्या गाडीचे हूक वेगळे, त्यांचा हात जुन्या हुकांचा. तरी त्यांनी दोनदा हिसका देऊन पाहिला आणि स्टिअरिंगवर बसले. बायको गुडघ्याला हात लावत, जरा जास्तच लावत, मध्ये येऊन बसली. लेक पलीकडच्या खिडकीशी.

दारं लागली आणि सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं.

इंजिन चालू आहे की नाही, हे काचवाल्यांना फक्त तळपायाला कळत होतं. शेजारी दोघींचे ओठ हलत होते. अशा वेळचा त्यांचा एक तोडगा होता: हसायचं आणि 'हो हो' म्हणायचं. दहात सात वेळा ते बरोबर बसायचं.

"बाबा, थंड हवा कमी करू?" लेकीनं विचारलं.

"हो हो, मस्तच आहे."

"कमी करू, का मस्त आहे?"

तिच्या कपाळावरच्या आठीवरून त्यांना कळलं की हे बाकीच्या तिनांतलं आहे. "दोन्ही," ते अंदाजानं म्हणाले. लेक हसली. निभावलं.

पुढच्या चौकानंतर लेकीनं मागे वळून पाहिलं. "बाबा, मागे काहीतरी आपटतंय. पट्टा सुटला की काय?"

"हो हो," काचवाले म्हणाले. "नव्या गाडीची गोष्टच वेगळी." आणि त्यांनी वेग वाढवला.

तेवढ्यात बायकोनं त्यांचं मनगट धरलं. दुसरा हात तोंडावर दाबला, डोळे मोठे केले आणि रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवलं. उलटी होतेय! काचवाल्यांनी गाडी बाजूला घेतली.

"तू जरा मागचा पट्टा बघून ये," ती लेकीला म्हणाली. "मला मळमळतंय. मी बसते अशीच."

लेक उतरली. काचवाल्यांना बाहेरच्या आरशात दिसलं: एक पट्टा हुकातून सुटून लोंबत होता. मोठा आरसा घोडीवरून चार बोटं बाहेर सरकला होता आणि लेक दोन्ही हातांनी, छाती लावून, त्याला आत ढकलत होती. अजून एक वळण घेतलं असतं तर आरसा रस्त्यावर आला असता. मागून स्कूटरवर कुणी असतं तर त्याच्या अंगावर. तो पट्टा बराच वेळ पत्र्यावर आपटत असणार. त्यांच्या पाठीपासून दोन हातांवर.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मागच्या हौद्यात कपाटाला टेकून अख्खा घाट उतरलेली ही बाई. "तुला कधीपासून गाडी लागायला लागली?"

ती काहीतरी बोलली. अगदी हळू.

"काय?"

ती तेवढंच, तेवढ्याच हळू, पुन्हा बोलली.

"हो हो," काचवाले म्हणाले.

ती हसली नाही. मग त्या बसक्या घशातून, जुन्या पिकअपच्या मापानं आवाज काढून तिनं विचारलं, "कधीपासून?"

या गाडीत लपायला खुळखुळणारं एक दारसुद्धा नव्हतं. काचवाले समोरच्या काचेला म्हणाले, "तीन वर्षं झाली."

"साडेतीन. गजर तुमच्या उशाशी कोकलत होता. मी स्वयंपाकघरातून धावत येऊन बंद केला. तुम्ही टक्क जागे, छताकडे बघत पडलेले."

"बोलली नाहीस ते."

"तुम्ही कुठे बोललात?"

काचवाल्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत चाललं होतं. "म्हणजे ते सहा-नऊ, सात-नऊ..."

"शंभरापर्यंत येतात मला. उलटेसुद्धा येतात. एकोणसत्तर काय, एकोणऐंशी काय, तुमच्यापर्यंत सारखंच पोचत होतं. दवाखान्याच्या खिडकीला दहा इंच जास्त काच कापलीत ना तुम्ही? मी एकोणसत्तरच म्हटलं होतं."

ती काच त्यांना चांगली आठवत होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं, आणि ती 'चुकलं हो माझं' म्हणत काचेचे तुकडे गोळा करत राहिली होती.

"आणि गुडघा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"ठणठणीत आहे. ती गाडी गेली असती तर तुमच्याशी ओरडून बोलायला रोज निमित्त कुठनं आणलं असतं मी?"

काचवाले स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागले. नवीन स्टिअरिंग, धूळ नव्हतीच. मग म्हणाले, "मगाशी हळू काय म्हणालीस?"

"ते ओरडून सांगण्यातलं नाही," ती म्हणाली आणि तिनं नजर खिडकीकडे वळवली.

लेक दार उघडून आत डोकावली, घामाघूम. "बाबा, किती वेळा विचारलं मी! लक्ष कुठे होतं?"

काचवाल्यांच्या तोंडाशी 'हो हो' आलं होतं. ते गिळून त्यांनी किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. "मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला नसते, तशी त्यांनाही स्वतःच्या आवाजाची कल्पना नव्हती. रस्त्यापलीकडचे दोघेजण थांबून बघायला लागले.

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं पदर नीट केला. लेकीला दोघांचंही एकदम कळलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी राग आला.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच बोंबलतेय? मला वाटायचं गाडीनं माझाही आवाज असा भसाडा झालाय!"

"तुझा मूळचाच तसा आहे," आई म्हणाली.

लेकीनं किल्ली घेतली. काचवाले उतरून पलीकडे जायला लागले तेव्हा तिनं त्यांना अडवलं, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द तोलून म्हणाली, "गाडी आज मी चालवते. आरसा तुम्हीच बसवायचा. मला अजून ते जमत नाही." त्यांनी मान हलवली. या वेळी खरं कळून.

कानाच्या डॉक्टरांनी दोन यंत्रं सांगितली. त्यांची किंमत आणि नव्या पिकअपसाठी काढून ठेवलेली पहिली रक्कम जवळजवळ सारखी निघाली. लेकीनं भिंतीवरचं पान काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा आकडे मांडले, पेन्सिल चावली आणि गाडीविक्याला फोन करून 'दोन वर्षांनी बघू' म्हणून सांगितलं. मेकॅनिकनं सायलेन्सर बसवला, पाट्या बदलल्या, दारांना रबर लावलं. सायलेन्सरचं खरोखर अर्ध्या तासाचंच काम होतं. बिल मात्र साडेतीन वर्षं वाट पाहिल्यासारखं आलं.

यंत्रं लावून काचवाले पहिल्यांदा जुनी पिकअप घेऊन निघाले तेव्हा शेजारी फक्त बायको होती. वळणाचा दिवा टिकटिक करतो, हे ते विसरूनच गेले होते. मागे काच घोडीवर किणकिणत होती. ते ऐकतच चालले होते. आणि मग शेजारून, पुटपुटल्यासारखं:

"घाला, घाला याही खड्ड्यात. बत्तीस वर्षं चालवतोय रेडा, एक खड्डा चुकवेल तर शपथ."

"रेडा कोण?" काचवाल्यांनी विचारलं.

ती जी गप्प झाली ती पुढचे दोन चौक गप्पच. काचवाल्यांना मग हळूहळू उलगडत गेलं. साडेतीन वर्षं ही बाई आपल्याशी ओरडून बोलत होती ते वेगळं, आणि आपल्या शेजारी बसून, आपल्याच तोंडावर, मनातलं सगळं हळू आवाजात बोलून मोकळी होत होती ते वेगळं. राग, शिव्या, आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बोलली तसलं काही. आता यंत्रं आली आणि तिची ती मोकळीक संपली. तिची मुद्रा बघून वाटत होतं, डब्यात लपवून ठेवलेले तिचे पैसे कुणीतरी मोजून ठेवलेत.

पुढचा खड्डा दिसला तसा त्यांनी गाडीचा वेग कमी केला, तिच्या बाजूच्या कानातलं यंत्र काढलं आणि खिशात ठेवलं.

"हं, बोल," ते म्हणाले आणि सरळ खड्ड्यात गाडी घातली.

ती बोलली. बरंच बोलली. दाराच्या काचेत त्यांना तिचे ओठ हलताना दिसत होते, आणि मध्ये एकदा हसतानाही.

ताळेबंद असा निघाला: लेकीनं थंड हवा आणि बटणाच्या खिडक्यांवर पाणी सोडलं. डॉक्टर आणि मेकॅनिक फायद्यात राहिले. बायकोनं घसा आधीच खर्ची घातला होता. आणि काचवाल्यांनी दोन यंत्रांचे पैसे देऊन ऐकायला एकच वापरलं, दुसऱ्याची रक्कम रोज तिच्या नावे सोडून दिली. चिक्कू म्हणून ते गल्लीत प्रसिद्ध होते, पण ही खोट त्यांनी कुणालाही न विचारता सोसली.