चौथी खेप

माणिकप्पांनी सायकल अंगणात उलटी उभी केली आणि मागच्या मडगार्डाखाली दगड घालून पत्रा वर ओढला. पत्रा कुरकुरला, पण सरळ झाला नाही. चाक फिरवलं की एका जागी घासून खर्र असा आवाज येई, आणि दर खेपेला त्यांचा डावा डोळा आपोआप मिटे.

शिवगंगा ओट्यावर बसून कोपराला हळद लावत होती. एरवी ती सासऱ्यासमोर ओट्यावर बसत नसे. आज बसली होती. मघाशी पाणी पिताना तांब्या तिच्या दातांवर वाजला होता, ते त्यांनी ऐकलं होतं.

"पडलीस कशी?" त्यांनी चाकाकडे बघत विचारलं.

"पडले, आप्पा. कडेचा मुरूम सैल झालाय."

"टँकर होता का?"

ती हळदीच्या वाटीत बोट फिरवत राहिली.

"दिसले नसेन मी त्याला," शेवटी म्हणाली.

पिवळ्या पातळातली बाई, भर उन्हात, सरळ रस्त्यावर. दिसली कशी नसेल, असं माणिकप्पांना विचारायचं होतं. पण विचारून काय होणार, असं वाटून त्यांनी पुन्हा चाक फिरवलं. खर्र.

शिवगंगा जळकोटच्या वाटेवरच्या शाळेत शिकवायला जायची. जायला सहा किलोमीटर, यायला सहा. उन्हाळ्याची सकाळची शाळा, अकराला सुटायची. ही सायकल माणिकप्पांनीच आपल्या पेन्शनीतून घेऊन दिली होती. लातूरच्या आडतीवर असलेल्या मुलाला आधी विचारलंही नव्हतं. सुगी झाल्यावर मोकळ्या खळ्यावर कॅरियर धरून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते सुनेमागं पळाले होते आणि अख्खं गाव पदर तोंडाला लावून बघत होतं. "आप्पा, उद्या विमान शिकवा," असं कुणीसं म्हणालंही होतं. तेव्हा त्यांना राग आला नव्हता. आता मात्र रोज अकरा वाजले की हातातलं पुस्तक मिटायचं आणि कान रस्त्याकडे लागायचे.

रस्ता डांबरी, पण एका गाडीपुरता. डांबराची कड वीतभर उंच राहिलेली, खाली भुसभुशीत मुरूम. मोठ्यानं हॉर्न द्यायचा आणि लहानानं खाली उतरायचं, हा तिथला कायदा. ओढ्याच्या पुलापासून गावापर्यंत तर दीड किलोमीटरचा भराव, दोन्ही बाजूंना उतार, आणि उतारावर दगड. तिथं खाली उतरायला खालीच नव्हतं.

"दुसऱ्यांदा झालं हे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा," शिवगंगा म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली.

त्या रात्री माणिकप्पांनी शब्दकोश काढला. शब्द बघायला नव्हे. त्याच्या पानांत एका अर्जाची उतरवून ठेवलेली नक्कल होती, ती त्यांनी पुन्हा वाचली.

गावाचा आड माघातच आटला होता. टँकर येऊन आडात पाणी सोडायचा आणि बाया पोहऱ्यानं शेंदून घ्यायच्या. दिवसाला तीन खेपा. ज्यांच्या हातात जोर त्यांच्या घागरी भरायच्या. गावाच्या शेवटच्या टोकाची केवळाबाई येईतो पोहऱ्यात गाळ यायचा. माणिकप्पा जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. सभेत ते मागच्या रांगेत बसत. पण अक्षर मोत्यासारखं, आणि अर्ज कसा सुरू करावा, कुठं नमावं, कुठं आकडा ठेवावा हे त्यांनी निजामाच्या काळातल्या शाळेतच शिकून घेतलेलं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. पूर्वी कागद उस्मानाबादला जायचा आणि तिथंच म्हातारा व्हायचा. आता कलेक्टर एका एस.टी.च्या अंतरावर होता. माणिकप्पांनी चौथी खेप मागितली. दुसरा टँकर नाही, आहे त्यालाच एक खेप वाढवून मिळेल, असा हुकूम नवव्या दिवशी आला. सरपंच शेषेरावांनी चारचौघांत त्यांच्या हातात नारळ दिला. घरी येईपर्यंत त्यांना तो नारळ कसा धरावा हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच पहिली खेप आली तेव्हा ते आडाजवळ गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा मनात लावून घेतलं होतं. टँकरचा जाड पाइप आडात धो धो पाणी सोडत होता. चाळीसेक बाया काठावर पोहरे सोडून वाकलेल्या. टँकरचा ड्रायव्हर बसवंत, पंचविशीचा, उदगीरकडचा, इंजिन चालूच ठेवून दाराखालच्या फळीवर उभ्यानं भाकरी खात होता. भाकरी सुमनबाईनं आणली होती, वर ठेचा.

"खा रे बाबा," सुमनबाई म्हणत होती. "तू हायस म्हणून चूल पेटून राहिली."

माणिकप्पांना बघून शेषेराव पुढं आले. कोपराची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"आप्पा, बोलायला आलात ना त्याला?" ते हळूच म्हणाले. "लिहा अर्ज त्याच्यावर. मीच पहिली सही करतो. पण पाऊस पडल्यावर लिहा."

"तोवर..."

"तोवर सुनबाईला सांगा, हॉर्न वाजला की उतरायचं. आमी न्हाई का उतरत?"

माणिकप्पा टँकरपाशी गेले. मनात लावलेली वाक्यं नेमकी तिथं विस्कटली.

"काल," ते म्हणाले, "ओढ्याच्या पुलापाशी... पिवळं पातळ."

बसवंतचा हात भाकरीवर थांबला.

"त्या बाई तुमच्या?"

"सून."

"लागलं का लई?"

"म्हणजे तू बघितलं होतंस."

बसवंतनं घास गिळला. इंजिनाच्या आवाजात त्याला जवळ वाकावं लागलं.

"बघितलं, आप्पा. आरशात. उठून बसल्या तवर बघत हुतो. पण भरल्या टँकरला ब्रेक मारला तर गाडी थांबती, पाणी थांबत न्हाई. मागून धडक देतं. मला घेऊन बाईंच्याच अंगावर गेलं असतं." त्यानं बायांकडे बघितलं. "आन् थांबायला वेळ कुठाय? हिरीवर नंबर लागतो. एकला लाइट जाती, मोटार बंद. तिसरी खेप टाकून मी साडेबाराला तिथं पोचलो न्हाई, तर नंबर गेला. मग चौथी खेप बोंबलली. खेप बुडली की मुकादम म्हणतो, उद्यापासून घरी बस."

"आधी?"

"आधी तीनच व्हत्या. लई सुखाचं हुतं. ओढ्यापाशी गाडी लावून विडी ओढायचो मी. सायकलवाला आला तर म्हणायचो, जा बाबा तू आधी." तो हसला. "मग कुण्या शहाण्यानं अर्ज केला. म्हणं अक्षर लई देखणं. सायबानं आमाला वाचून दाखवला की!"

सुमनबाईनं मान वर केली, तोंड उघडलं. माणिकप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा पोहऱ्याकडे वळली.

पाइप गळायचा थांबला. बसवंतनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून सीटवर टाकली.

"बाईंना सांगा, अंमळ उशिरा निघत जा," तो वरून ओरडला आणि धुरळा उडवत गेला.

माणिकप्पांनी ते घरी सांगितलं. शिवगंगानं ऐकून घेतलं.

"उशिरा निघायचं तर टँकर परत जाईपर्यंत बसायचं कुठं, आप्पा? शाळेला कुलूप लागतं." मग म्हणाली, "तुमी म्हणाल तर नाही जात. राजीनामा देते."

ती हे रागानं म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती गहू निवडता निवडता म्हणाली होती.

सोमवारी साडेदहाला माणिकप्पांनी खुंटीवरची छत्री काढली. वेशीत पारावर बसलेल्यांनी त्यांना जाताना पाहिलं.

"आप्पा, छत्री? पाऊस आणायला निघालात का?"

"बघतो," माणिकप्पा म्हणाले. उत्तर बरोबर दिलं की नाही, याचा विचार ते भराव संपेपर्यंत करत होते.

पुलाच्या कठड्याचा दगड तापला होता. ते छत्री उघडून उभे राहिले. ओढ्यात वाळू, वाळूत बायांनी काढलेले कोरडे झरे. आपण इथं काय करणार आहोत हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. दोनदा वाटलं, परत जावं. तिसऱ्यांदा वाटलं तेव्हा लांब पिवळा ठिपका दिसला. आणि त्याच्या बऱ्याच मागं, रस्त्यावर, धुरळ्याचा एक गोळा.

ठिपका फार हळू मोठा होत होता. गोळा भराभर वाढत होता. माणिकप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. ओठ हलत होते, पण ते जप नव्हते करत, ते आकडे मोजत होते. दोनशेवर गेले आणि खर्र, खर्र असा आवाज आला.

"आप्पा? तुमी इथं?" शिवगंगाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"फिरायला आलो."

"ह्या उन्हात?"

"तू जा. उतरू नकोस. हॉर्न वाजला तरी उतरू नकोस."

ती क्षणभर त्यांच्याकडे, मग मागच्या धुरळ्याकडे बघून पायडल मारत पुढं गेली. माणिकप्पांनी छत्री मिटली. ते रस्त्याच्या मधोमध आले आणि मिटलेली छत्री त्यांनी दोन्ही हातांनी आडवी धरली, फाटकाचा दांडा धरावा तशी.

हॉर्न लांबूनच सुरू झाला. वाजतच राहिला. त्यांनी डोळे मिटले, मग मिटू नयेत असं वाटून उघडले. ब्रेक किंचाळले, पाणी आत दणकलं, टँकर डुलत डुलत पुढं आला आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबला. टाकीच्या झाकणातून पाण्याचा एक लोंढा उसळून डांबरावर पडला.

"मरायचं का?" बसवंत खाली उडी मारून ओरडला. मग ओळखलं. "आप्पा? सरका, माझा नंबर जाईल!"

"तिला जाऊ दे."

"अवो, दीड किलोमीटर हाय! ह्या वाऱ्याच्या तोंडाला सात-आठ मिनिटं लागतील तिला."

"लागू दे."

बसवंतनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यानं हात धरून बाजूला केलं असतं, तर म्हातारा झाला असता बाजूला. तो तसाच उभा राहिला. मग पुलाच्या कठड्यावर बसला, तापलेला दगड लागून उठला, गाडीच्या सावलीत उकिडवा बसला आणि खिशातून विडी काढली.

डांबरावर सांडलेलं पाणी बघता बघता आटत होतं.

"तो अर्ज," माणिकप्पा म्हणाले, "मी लिहिला होता."

बसवंतनं काडी ओढली. विडी पेटवली.

"तुमी व्हय," तो म्हणाला. मग धूर सोडून, जणू काही सांगायला हवं म्हणून, "अक्षर खरंच देखणं हाय म्हणत हुते सायब."

भरावावरचा पिवळा ठिपका वेशीत शिरला. माणिकप्पा बाजूला झाले.

चौथी खेप त्या दिवशी आली नाही.

पाच वाजेपर्यंत बाया आडाच्या काठावर बसून राहिल्या. टँकर बिघडला असेल, असं शेषेराव म्हणाले. लाइट गेली असेल, असं कुणी म्हणालं. माणिकप्पा खिडकीतून बघत होते. एकेक पोहरा वर येत होता आणि दोरीचा आवाज आदल्या दिवसापेक्षा हलका होता.

दिवस कलला तेव्हा केवळाबाई त्यांच्या अंगणात आली. घागर कडेवर, रिकामी. सायकलीजवळ ती टेकली.

"आप्पा, आज गाळच आला," ती म्हणाली. "दरखास्त लिवा की यक. तुमची दरखास्त लागू पडती."

शिवगंगा दारात आली होती. तिनं केवळाबाईकडे बघितलं, मग खुंटीवरच्या छत्रीकडे, मग आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि केवळाबाईच्या घागरीत ओतला. सासऱ्याकडे तिनं बघितलं नाही.

"लिहितो," माणिकप्पा म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, उजवीकडे तारीख घातली. 'विषय' लिहून पुढं दोन टिंबं दिली. विहिरीवर लाइट एक तास वाढवून मागावी. सोपं होतं. एक तास. पण तो तास कुठल्या गावाकडून काढून देतील, तिथल्या रस्त्यावर त्या वेळी कोण सायकलवर असेल, हे त्यांना या टेबलावरून दिसत नव्हतं. मागच्या वेळीही दिसलं नव्हतं.

"लिवली का?" केवळाबाईनं बाहेरून विचारलं.

"लिहितोय."

टाक पुन्हा दौतीत बुडवावा लागला. टोकावरची शाई वाळून गेली होती.