इंधन : ज्वारीची भाकरी

आमच्या घरी हायब्रिड गाडी आली आणि त्याच दिवशी गाडीतला एसी बंद झाला. बिघडला नाही, बंद झाला. त्या गाडीच्या स्क्रीनवर पाच हिरवी पानं दिसतात. जपून चालवली तर पाचही टिकतात. एसी लावला किंवा पाय जरा जोरात पडला की एकेक गळतं. माझा नवरा निलय जगात कुणाला घाबरत नाही, माझ्या आईलासुद्धा नाही, पण पान गळालं की त्याचं तोंड एवढंसं होतं. जयपूरचा मे महिना, चव्वेचाळीस अंश, सिग्नल लागलेला, आणि आम्ही तिघं त्या टवटवीत पानांकडे बघत घामानं निथळतोय. "आपण हे पृथ्वीसाठी करतोय, संपदा," असं निलय म्हणायचा. पृथ्वीनं हे आमच्याकडे कधी मागितलं, ते मला आठवत नाही.

गाडीपाठोपाठ बाकीचं पर्यावरणही कुरिअरनं घरी आलं. बांबूचे ब्रश आले, प्रत्येक ब्रश वेगळ्या खोक्यात. स्टीलच्या स्ट्रॉ आल्या. आम्ही सांगलीची माणसं, ताकाचं भांडं सरळ तोंडाला लावतो. बावीस कापडी पिशव्या आल्या, त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मी काही बोलले की निलयचं एकच, "सुरुवात तर करायला हवी ना?" सुरुवात इतकी झाली होती की घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

आमच्या समोरच्या दारात उत्तमरावकाका राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतली शेवटची काही वर्षं जयपूरच्या छावणीत गेली, मग निवृत्त होऊन इथंच मालवीय नगरात राहिले. वय बाहत्तर. त्यांच्या वासंतीकाकू महाराष्ट्रातून कोचिंगसाठी आलेल्या नऊ पोरांचे डबे करतात आणि काका ते सायकलवरून रोज गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलांवर पोचवतात. स्टीलचे डबे, जुन्या धोतराची फडकी, काळी सायकल. धुण्याचं उरलेलं पाणी काकू जिना धुवायला वापरतात आणि भाजीची देठं खालच्या गायीला जातात. हे सगळं पर्यावरणासाठी असतं, हे त्या दोघांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग आमच्या सोसायटीला हिरवा झटका आला. शहरातल्या कुठल्याशा संस्थेनं 'हरित सोसायटी' अशी स्पर्धा लावली. आमचे सचिव दशरथजी सत्कार, उद्घाटन आणि नारळ या तीन गोष्टींवर जगणारे. त्यांनी इमारतीच्या उत्तरेकडच्या सहा जागा 'ग्रीन पार्किंग' म्हणून जाहीर केल्या, चार्जिंगचे पॉइंट बसवले आणि एक फॉर्म काढला. वाहन क्रमांक, मॉडेल, इंधन. आता जयपुरात उत्तरेकडची सावली म्हणजे काय, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुपारी उन्हातल्या गाडीचं स्टिअरिंग धरलं तर तळव्यावर पोळी भाजून निघते. त्या सहा जागांसाठी माणसं भावाभावात भांडतील अशी अवस्था.

निलयनं फॉर्म भरला. दशरथजींनी विचारलं, "चार्जिंगवाली गाड़ी है ना?"

"बॅटरी तो है ही, जी," निलय म्हणाला.

हे खरं होतं. फक्त आमची गाडी प्लगला लावताच येत नाही, ती चालता चालता स्वतःच बॅटरी भरून घेते, हे त्यानं सांगितलं नाही. जागा मिळाली. पण चार्जिंग पॉइंट नुसता रिकामा दिसू लागला तेव्हा निलयनं एक जाड नारिंगी वायर आणली. तिचं एक टोक पॉइंटला, दुसरं बॉनेटच्या आत, टूलकिटच्या पिशवीत. आमची नऊ वर्षांची हर्षाली वाकून बघून आली.

"बाबा, ही वायर तर कशालाच लावली नाहीये. मतलब, ऐसे ही?"

"ते प्रतीकात्मक आहे, बेटा," निलय म्हणाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हसले, आणि माझीही स्कूटी त्या गाडीच्या आडोशाला, सावलीत लावून टाकली. उगाच खोटं कशाला बोलू?

त्या सहा जागांपैकी एका कोपऱ्यात आधी सायकलींचं स्टँड होतं. ते उखडून खाली दुसऱ्या बेसमेंटमध्ये नेलं. सायकल तशीही एकट्या काकांचीच चालत होती. बाकीच्यांच्या नुसत्या गंजत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर काका रॅम्पवर अर्ध्यात थांबलेले. दोन्ही हातांनी सायकल रेटून धरलेली. मागच्या कॅरियरवरचा एक डबा निसटून उघडला होता आणि आमटीचा ओघळ रॅम्पवरून खाली चालला होता. वर दशरथजी उभे. "काकाजी, ये दाग देखिए. ग्रीन सोसायटी है अपनी."

मी धावत जाऊन सायकल मागून ढकलली. वर आल्यावर काकांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "पोरी, चढ लई हाय. वासंती म्हनतीया, पोरांना सांगून टाका, एक तारखेपासनं डबा बंद. त्यांच्या परीक्षा तोंडावर. काय खातील ती?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्या धुराचा या पृथ्वीवर आजवर एक कणही पडला नाही, त्याला पाताळात आणि आमच्या खोट्या वायरीला सावली! मी दशरथजींना म्हटलं, काकांच्या सायकलला ग्रीन पार्किंग द्या.

"दे दूँ, मैडम. फॉर्म भरिए. पर वाहन क्रमांक क्या लिखेंगी? बिना नंबर के तो वाहन ही नहीं है."

मी म्हटलं, बघतेच. काकांना घेऊन सायकलपाशी बसले. सीटखालच्या दांड्यावर, रंगाखाली, कंपनीचा ठोकलेला नंबर होता. काकांनी नखानं खरवडला, मी चष्मा लावून वाचला. ४४७१९. तो वाहन क्रमांक म्हणून लिहिला. मॉडेल : काळी. इंधनाच्या रकान्यात लिहिलं, 'ज्वारीची भाकरी'. खाली ॲव्हरेजही टाकलं : दोन भाकरीत चौदा किलोमीटर. काका खदाखदा हसले. "तिसरी खाल्ली तर आमेरला जाऊन येतो, ते बी लिव्ह."

फॉर्म दिला आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. तिथंच माझं चुकलं. मला वाटलं होतं, लोकांना लाज वाटेल. लोकांना तो फार गोड वाटला. शंभर अंगठे, हात जोडलेले, हिरवी हृदयं. दशरथजींचा फोन आला, "मैडम, आपने तो कमाल कर दिया! स्पर्धा अपनी समझिए."

रविवारी हॉलमध्ये सभा झाली. काकांच्या डोक्यावर केशरी साफा बांधला, गळ्यात हार घातला. फौजी माणूस, सावधानमध्ये उभा राहिला. दशरथजींनी माईक घेतला. आधी ग्रीन पार्किंगवाल्यांची नावं घेतली, "निलयजी, जिनकी गाड़ी हमारी शान है," टाळ्या झाल्या. मग म्हणाले, "और उत्तमरावजी, जिन्होंने अपनी साइकिल सोसायटी को भेंट कर दी है! प्रदर्शन के लिए!"

काकांना हे कुणी विचारलेलं नव्हतं. साफ्याखालून त्यांनी सगळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या हॉलमध्ये मराठी कळणारी आमची दोनच घरं. मी नुसतं उठून म्हणायचं होतं, अहो थांबा, आमची जागा घ्या, आमची गाडी चार्ज होतच नाही. एवढंच. निलयनं माझ्या मनगटावर हात ठेवला. पण त्याच्यावर कशाला ढकलू? मला ती सावली हवी होती. मी फोन वर धरला आणि व्हिडिओ काढत राहिले.

"घ्या की," काका हळूच म्हणाले. माईकवर ते कुणाला ऐकू गेलं नाही.

चार दिवसांत ती काळी सायकल पोपटी झाली. हँडलला, कॅरियरला कुंड्या, कुंड्यांत सदाफुली. चाकाला साखळी घालून ती सहाव्या जागेत, अगदी गडद सावलीत उभी केली. बाजूला पाटी.

काकूंचे डबे मात्र बंद झाले नाहीत. काकांनी पुतण्याची जुनी पेट्रोलची स्कूटर मागवून घेतली. तिला नंबर असल्यामुळे फॉर्म तासाभरात मंजूर झाला आणि तळमजल्यावरच जागा मिळाली.

स्पर्धेचे परीक्षक सोमवारी यायचे होते. त्याआधीच्या शनिवारी हर्षालीला शिबिराला सोडायला आम्ही निघालो. पाचही पानं शाबूत, काचा खाली, वारा भट्टीतला. गोपालपुऱ्याच्या सिग्नलला आमच्या पुढ्यात एक स्कूटर थांबली होती. तिचा निळसर धूर सरळ आमच्या गाडीत शिरला. निलयनं नाकाला रुमाल लावला.

"असल्या लोकांमुळं वाट लागलीय सगळ्याची. असल्या गाड्या रस्त्यावर येऊच कशा देतात?"

मागून हर्षाली म्हणाली, "बाबा, वो तो काका आहेत. डबे बघ ना."

हेल्मेटमुळं ओळखू येत नव्हतं, पण मागे फडक्यात बांधलेले नऊ डबे होते. सिग्नल सुटला. काकांना आमची गाडी दिसली असावी. त्यांनी हात वर करून आम्हाला आधी जायला वाट दिली. निलयनं काच वर केली.

संध्याकाळी मी खाली गेले, बॉनेट उघडलं, ती नारिंगी वायर ओढून काढली आणि गुंडाळून दशरथजींच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगून टाकलं. आमची गाडी प्लगवर चालत नाही, जागा खोटं बोलून घेतलीय, ती काकांना द्या आणि त्यांची सायकल परत करा.

दशरथजींनी वायर उचलून परत माझ्या हातात दिली. "पता है, मैडम. सबको पता है. सोमवार तक लगी रहने दीजिए, फोटो में अच्छी लगती है."

"आणि सायकल?"

"साइकिल अब कैसे दूँ? आपका ही फॉर्म पास हुआ है." त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. ग्रीन पार्किंग, जागा क्रमांक सहा. वाहन क्रमांक ४४७१९, माझ्याच अक्षरातला फॉर्म चिकटवलेला, खाली शिक्का. फक्त इंधनाच्या रकान्यातली 'ज्वारीची भाकरी' कुणीतरी व्यवस्थित पट्टी धरून खोडली होती आणि वर लिहिलं होतं : पानी, दिन में दो बार.